डॅशहाउंडचे मागचे पाय लटपटतात. ऑपरेशन न करता बरा होईल का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा बंड्या साडेपाच वर्षांचा डॅशहाउंड, वजन अकरा किलो. पाच दिवसांपूर्वी दिवाणावरून उडी मारली आणि किंचाळला. मग पाठीची कमान करून थरथरत उभा राहिला, उचलायला गेलं की ओरडायचा. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी गडी एकदम ठणठणीत, घरभर पळाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून मागचे पाय लटपटायला लागले. आता चालतो, पण झोकांड्या खातो, मधूनच पंजा उलटा पडतो. लघवी स्वतः करतो. एक्स-रे पाहून "मणक्यांमधली गॅप कमी झालीय, गादी सरकली असणार" असं सांगितलं गेलं. एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च आवाक्याबाहेरचा आहे. ऑपरेशनशिवाय तो बरा होईल का, आणि होणार असेल तर घरी नेमकं काय करायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या वर्णनावरून बंड्या बरा होण्याची शक्यता चांगली आहे. तो स्वतःच्या पायावर चालतोय आणि लघवी स्वतः करतोय, या दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. असे चालू शकणारे कुत्रे ऑपरेशनशिवाय साधारण दहातले आठ बरे होतात. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते दुसऱ्या दिवसाचं वाक्य, "एकदम ठणठणीत, घरभर पळाला". इंजेक्शनने दुखणं थांबलं आणि दुखणं थांबलं म्हणून तो पळाला. आत फाटलेली गादी तशीच होती. पंचवीस वर्षं पुण्यात छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस करते आहे, आणि या आजारात कुत्रा बिघडतो तो बहुतेक वेळा याच वळणावर. तेव्हा हे उत्तर वाचून होण्याआधी एक काम करा. बंड्याला उचलून पिंजऱ्यात ठेवा, पिंजरा नसेल तर पलंगाशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीवर, दोन खुर्च्या आडव्या टाकून जागा अडवा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. पुढच्या पायांच्या काखेत धरून लोंबकळत उचलायचं नाही. घरातल्या मुलांनाही हे आजच करून दाखवा.

आता आत काय झालंय ते सांगते, कारण ते कळलं की पुढचे सहा आठवडे कोंडून ठेवायला मन तयार होतं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. साध्या कुत्र्यात तो गर शहाळ्यातल्या पातळ मलईसारखा असतो. डॅशहाउंड, पेकिनीज, बीगल, शित्झू, ल्हासा, फ्रेंच बुलडॉग या आखूड पायांच्या किंवा तशा घडणीच्या जातींमध्ये तो गर पहिल्या वर्षातच वाळायला लागतो आणि पुढे त्यात चुना साठतो. हे जातीच्या रक्तातच आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर त्याला जबाबदार असलेला जनुकाचा जादा तुकडा शोधून काढला. डॅशहाउंडमध्ये तो जवळजवळ सर्रास सापडतो. म्हणून "मी दिवाणावर चढू दिलं नसतं तर" असं स्वतःला खाऊ नका. गादी आधीच ठिसूळ झालेली होती, उडी निमित्त झाली. कित्येक कुत्र्यांना हे साधं अंग झाडतानाही होतं.

वाळलेला गर कडं फोडून एकदम वर उसळतो, आणि वर मज्जारज्जू असतो. दोन इजा होतात. गर आदळल्याचा मार एक, आणि तो तिथे बसून राहिल्याचा दाब दुसरी. ऑपरेशनमध्ये मणक्याच्या हाडाला खिडकी पाडून तो गर काढतात. वाटीत काढलेला तो ऐवज कुस्करलेल्या पनीरसारखा दिसतो. दाब ऑपरेशनने जातो. माराची सूज मात्र शरीरालाच भरून काढावी लागते, ऑपरेशन करा किंवा नका करू. ऑपरेशन न करता आपण तीन गोष्टींची वाट पाहतो: सूज उतरणं, बाहेर आलेला गर आक्रसणं आणि कड्याला पडलेलं भोक भरून येणं. भोक भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ते भरत असताना कुत्र्याला काहीच दुखत नसतं. आतला उरलेला गर मात्र त्याच भोकातून पुन्हा यायला टपलेला असतो.

हे बहुधा शेवटच्या बरगड्या आणि कंबर यांच्या सांध्यात होतं. छातीच्या वरच्या भागात डाव्या-उजव्या बरगड्यांना जोडणारी एक पट्टी गादीवरून आडवी जाते, तिथे आपोआप बंधारा असतो. तो बंधारा जिथे संपतो तिथून पुढे, अकराव्या छातीच्या मणक्यापासून तिसऱ्या कंबरेच्या मणक्यापर्यंत, बहुतेक केसेस सापडतात. म्हणून पुढचे पाय ठीक आणि मागचे गेले, असं चित्र दिसतं. मानेत झालं तर चित्र वेगळं असतं: मान खाली, ताठ, वाटीत तोंड घालायलाही नको, आणि दुखणं भयंकर.

एक्स-रेबद्दल एक खुलासा. एक्स-रेत गादीही दिसत नाही आणि मज्जारज्जूही दिसत नाही. चुना साठलेली गादी दिसते, पण ती दुखणारीच गादी असेल असं नाही. गॅप कमी दिसली तर तो इशारा समजायचा, पुरावा नाही. एक्स-रेचा खरा उपयोग मणका मोडलेला नाही, हाडाला जंतुसंसर्ग किंवा गाठ नाही, हे बघायला. नेमकी कुठली गादी आणि किती दाब हे एमआरआय किंवा सीटी सांगतं, आणि ऑपरेशन करायचं असेल तर त्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑपरेशन करणारच नसाल तर पहिल्या दिवशी एमआरआय न करताही उपचार सुरू करता येतात. मी तसे शेकड्यांनी केलेत.

मात्र "मागचे पाय गेले" म्हणजे गादीच, हे गृहीत धरू नका. बंड्याची जात, वय आणि सुरुवातीची किंकाळी सगळं गादीकडेच बोट दाखवतं. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. लस न दिलेला कुत्रा, किंवा लसीचा ठावठिकाणा नसलेला, अचानक मागून लुळा पडला, आवाज बदलला, लाळ गळते, गिळता येत नाही, तर ती रेबीज असू शकते. तोंडात हात घालायचा नाही, पाणी पाजायला जायचं नाही, थेट डॉक्टरांना फोन. पिल्लू किंवा तरुण कुत्रा लटपटतो आणि एखादा स्नायू झोपेतही ठोके पडल्यासारखा उडत राहतो, तर डिस्टेंपर, कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार. गोचीड तापात प्लेटलेट इतक्या खाली येतात की कधी मणक्यात रक्तस्राव होतो. आपल्याकडे रक्त तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. म्हातारा जर्मन शेफर्ड महिनोन्‌महिने हळूहळू मागून ढिला पडतो आणि कुठेही दुखत नाही, तो वेगळाच आजार. खेळताना एकदा ओरडला, एका बाजूचा पाय गेला आणि तासाभरात दुखणं संपलं, तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडथळा आलेला असतो. त्यात ऑपरेशन लागतच नाही. आणि रस्त्यावरचा कुत्रा फरफटत येतो तेव्हा बहुधा गाडीची धडक असते. मणका मोडलेला असू शकतो. त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवरच आणायचं.

आता पायऱ्या समजून घ्या, कारण "ऑपरेशन करावं का" याचं उत्तर त्यांच्यावरच ठरतं. पहिली: नुसतं दुखणं. दुसरी: चालतो पण लटपटतो. बंड्या आज इथे आहे. तिसरी: पाय हलवतो, पण उभा राहून चालू शकत नाही. चौथी: पाय अजिबात हलत नाहीत, पण बोट चिमटलं तर कळतं. पाचवी: चिमटलेलंही कळत नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवर ऑपरेशनशिवाय दहातले आठ उठतात. ऑपरेशनने नऊच्या वर. चौथीवर फरक वाढतो, ऑपरेशनशिवाय दहातले सहा, ऑपरेशनने नऊ. पाचवीवर ऑपरेशनशिवाय दहातले जेमतेम दोन, ऑपरेशनने सहा. ऐपत असेल आणि कुत्रा चौथ्या-पाचव्या पायरीवर असेल तर मी ऑपरेशनच सांगते, आणि तेही आज, उद्यावर न ढकलता. दुसऱ्या पायरीवर मात्र घरी नीट सांभाळणाऱ्या माणसाला मी निःशंकपणे थांबायला सांगते. खर्चाचं कारण सांगताना तुम्ही तीनदा माफी मागितलीय. बंड्याच्या बाबतीत तुम्ही निवडताय तो मार्ग वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे.

चिमट्याच्या तपासणीवर थोडं थांबते, कारण इथे फार गफलत होते. आम्ही आर्टरी फोर्सेपने, म्हणजे दवाखान्यातल्या चिमट्याने, मागच्या पायाच्या बोटाचं हाड दाबतो. कुत्रा पाय मागे ओढतो आणि घरचे आनंदतात, "बघा, कळलं त्याला!" पाय ओढणं हे कंबरेतल्या कंबरेत होणारं प्रतिक्षिप्त काम आहे, मेंदूला पत्ता नसतानाही ते होतं. कुत्र्याने मान वळवून बघितलं पाहिजे, ओरडलं पाहिजे, चावायला यायला पाहिजे, निदान डोळे तरी विस्फारले पाहिजेत. तपासताना मी त्याच्या पायाकडे बघतच नाही, चेहऱ्याकडे बघते. घरी हा प्रयोग करू नका. घरी करण्यासारखी तपासणी एकच: त्याला कुणीतरी कंबरेखाली आधार देऊन उभं करा, मागचा पंजा हलकेच उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवा, आणि किती वेळात तो स्वतः सरळ करतो ते पाहा. निरोगी कुत्रा लगेच करतो. बंड्याला वेळ लागेल, कदाचित करणारच नाही. दोन्ही पायांचं रोज सकाळी एकदा पाहून कॅलेंडरवर लिहा, आणि शू करायला नेताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. आठवड्यापूर्वीचा व्हिडिओ शेजारी ठेवला की कळतो.

आता मुख्य औषध, पिंजरा. सहा आठवडे. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये एकत्र बसून किमान चार आठवडे असं ठरवलंय. मी सहा सांगते, कारण आपल्या घरात चारचे प्रत्यक्षात अडीच होतात. पिंजऱ्यात त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं, एवढीच जागा. मोठं प्लेपेन, म्हणजे जाळीचं कुंपण, दिलं तर तो दोन पावलं धावून कडेवर पाय टाकतो. वरून बंद हवा. खाली घट्ट गादी, त्यावर पाणी शोषणारं पॅड, आणि सगळ्यात वर न सरकणारं काही, जुनी सतरंजी चालते. पिंजरा घराच्या आतल्या खोलीत कोपऱ्यात एकटा ठेवू नका. दिवाणखान्यात, जिथे माणसं दिसतील तिथे ठेवा, पण दारापासून लांब, म्हणजे बेल वाजली की उसळणार नाही. पावसाळ्यात वरून मच्छरदाणी टाका. लघवीने ओल्या झालेल्या कातडीवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात, मी पाहिलंय.

बाहेर काढायचं फक्त शी-शूसाठी, दिवसातून तीन-चार वेळा, पाच मिनिटं, उचलून न्यायचं आणि उचलून आणायचं. जिना नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस. मागच्या पायांच्या पुढे, पोटाखालून जुनी ओढणी किंवा घडी घातलेला टॉवेल घेऊन दोन्ही टोकं वर धरायची. नर असल्यामुळे ओढणी शिश्नावर दाबली जाणार नाही एवढं बघा, नाहीतर तो शू करणार नाही. ओढणीने त्याला उचलायचं नसतं; तो कलंडला तर सावरण्यापुरती ती सैल हातात असावी. आपल्या घरातली गुळगुळीत फरशी या आजाराची मोठी शत्रू आहे. पिंजऱ्यापासून दारापर्यंत योगा मॅट किंवा ज्यूटची पट्टी टाका.

तो रडेल. पहिले चार दिवस जास्त. घरात कुणीतरी म्हणेलच, "बिचाऱ्याला जेलमध्ये टाकलंय, जरा मोकळं सोड." बहुतेक घरांत आजी-आजोबांना हे बघवत नाही, आणि त्यांची माया खरी असते. त्यांना मी दवाखान्यात बोलावून मणक्याचा सांगाडा हातात देते आणि भोक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवते. मग तेच सगळ्यात कडक पहारेकरी होतात. बंड्याला पिंजऱ्यातच जेवण असं द्या की खायला वेळ लागेल: दाणे टॉवेलच्या गुंडाळीत लपवा, चाटायचं मॅट द्या. तरीही वेडापिसा होत असेल तर डॉक्टरांकडून सौम्य शांत ठेवणारं औषध मागा, ते मागण्यात काही चूक नाही.

आणि तिसरा आठवडा. तो नीट चालायला लागलेला असेल, शेपटी हलवत असेल, दुखणं शून्य. तुम्हाला वाटेल झालं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडची एक मादी, अशीच दुसऱ्या पायरीची, एकोणिसाव्या दिवशी छान चालत होती म्हणून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिला सगळ्यांबरोबर हॉलमध्ये बसवलं. खाली फटाक्यांची माळ लागली. ती दचकून सोफ्याखाली घुसली आणि बाहेर आली ती पुढच्या पायांवर फरफटत. रात्री साडेनऊला तपासलं तेव्हा ती चौथ्या पायरीवर होती. पुन्हा उठायला तिला अकरा आठवडे लागले आणि चाल आजही डुलती आहे. त्या घरातली माणसं निष्काळजी नव्हती. कुत्री बरी दिसत होती, एवढंच झालं.

औषधांकडे येते. पहिले काही दिवस दुखणं आणि सूज यांसाठी कुत्र्यांना चालणारं सूजविरोधी औषध देतात, मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं, मूत्रपिंड आणि यकृत तपासून. मज्जातंतूच्या दुखण्याला गॅबापेंटिन जोडतात. पातळ औषध आणलंत तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे बाटलीवर वाचा, ते कुत्र्याला विषासारखं आहे. पाठीचे स्नायू आखडले असतील तर ते सैल करणारं एखादं. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही, बंड्याला तपासलेल्या डॉक्टरांनीच तो ठरवायचा.

बंड्याला पहिल्या दिवशी दिलेलं इंजेक्शन कोणतं, हे आजच फोन करून विचारा आणि कागदावर लिहून घ्या. ते स्टेरॉइड असेल तर मेलॉक्सिकॅम लगेच सुरू करता येत नाही, मध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात. दोन्ही एकत्र पडली की जठराला, आतड्याला अल्सर होतात, कधी आरपार भोक पडतं. एक बीगल माझ्याकडे पायांसाठी आला आणि मला आधी त्याचा जीव वाचवायला लागला: एका ठिकाणी स्टेरॉइड, दुसऱ्या ठिकाणी दुखण्याच्या गोळ्या, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि डांबरासारखी काळी शी. काळी शी, उलटी किंवा जेवण बंद, यांतलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्टेरॉइडने कुत्रा खुलतो म्हणून ते अजून सर्रास दिलं जातं. ऑपरेशनशिवाय सांभाळलेल्या २२३ कुत्र्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात स्टेरॉइड मिळालेल्या कुत्र्यांचा निकाल उलट कमी चांगला होता. संवेदना गेलेल्या कुत्र्यांना ऑपरेशनबरोबर मोठ्या डोसने मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही फायदा दिसला नाही. मी स्वतः ते पहिल्या फळीत वापरत नाही. माणसांच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अजिबात नकोत. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी आपल्याकडे गिधाडांमुळे २००६ मध्ये बंदी आली, हे अनेकांना ठाऊक आहे. कुत्र्याच्या जठराचं आणि मूत्रपिंडाचंही ते वाटोळं करतं, हे कमी जणांना. बी-१२ ची इंजेक्शनं सगळीकडे देतात. त्यांनी नुकसान होत नाही, पण पिंजऱ्याऐवजी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. आणि कृपा करून हाडवैद्याकडे नेऊन पाठ ओढून-दाबून घेऊ नका, गरम तेलाने कंबर रगडूही नका.

लघवीचं मी सविस्तर सांगते, कारण बंड्या आज स्वतः करत असला तरी बिघडला तर पहिल्यांदा इथेच अडेल, आणि पाय गेलेल्या कुत्र्यांच्या घरात सगळ्यात जास्त हाल याचेच होतात. पॅड ओलं दिसतं म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नाही. गच्च भरलेल्या पिशवीतून थेंब थेंब सांडत राहतं, आणि पिशवी ताणून ताणून कायमची ढिली पडते. उचलल्यावर किंवा झोपेत सांडत असेल, बाहेर नेल्यावर धार येत नसेल, तर ते सांडणंच समजा. मग दिवसातून तीन-चार वेळा हाताने लघवी काढावी लागते. त्याला उभं करून किंवा उजव्या कुशीवर निजवून पोटाच्या शेवटच्या भागात, मागच्या पायांच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंनी तळवे सपाट लावायचे. बोटांची टोकं खुपसायची नाहीत. आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी गोल वस्तू हाताला लागते. बंड्याएवढ्या कुत्र्यात ती भरली की मोसंब्याएवढी असते. ती दोन तळव्यांत धरून हळूहळू, न सोडता, किंचित शेपटीच्या दिशेने दाब वाढवायचा. पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही आणि नवखा माणूस इथेच सोडून देतो. तसाच धरून ठेवला की झडप ढिली होते आणि धार लागते. धार थांबली की थोडं थांबून पुन्हा एकदा, हाताला लिंबाएवढंच काही उरेपर्यंत. नरांमध्ये झडप फार घट्ट असते. जोर लावावा लागत असेल तर लावू नका, ती सैल करायच्या गोळ्या असतात, त्या सुरू करायच्या आणि तोवर नळीने काढायची. हे पहिल्यांदा डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवून शिकावं, वाचून नाही. गढूळ लघवी, उग्र वास, रक्त दिसलं तर तपासणीला द्या. न उठणाऱ्या कुत्र्याला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर खुब्यावर जखमा होतात.

व्यायाम कधी, असं सगळेच विचारतात. दुखणं असेपर्यंत पाठीला काहीच नाही. ते उतरलं की, साधारण दुसऱ्या आठवड्यात, पिंजऱ्यातच कुशीवर निजवून मागच्या पायाचा एकेक सांधा हलकेच वाकवायचा आणि सरळ करायचा, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. पंजाच्या तळव्यावर जुना टूथब्रश फिरवायचा, म्हणजे पाय आखडून घेण्याचा सराव होतो. चौथ्या आठवड्यापासून बसणं-उठणं, हाताने आधार देऊन. पाण्यातली ट्रेडमिल जवळ असेल तर उत्तम. नाशिकहून दर आठवड्याला गाडीतून धक्के खात पुण्या-मुंबईला आणण्याइतकी ती गरजेची नाही. टबात किंवा तलावात पोहायला मात्र सोडू नका, घाबरून मारलेले हातपाय पाठीला पिळ देतात. लेझर आणि ॲक्युपंक्चर पिंजऱ्याच्या जोडीला हवं तर करा, मी विरोध करत नाही.

बरं होण्याचा क्रम गेलं त्याच्या उलटा असतो. आधी चिमटा कळतो, मग शेपटी मालकाला बघून हलते, मग लघवीवर ताबा, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी पंजा नेमका ठेवण्याची जाण. बंड्याचा पंजा चौथ्या-पाचव्या आठवड्यातही अधूनमधून उलटा पडला तर घाबरू नका. नखं घासून रक्त येत असेल तर बाहेर नेताना मोजा घाला.

विचार बदलायचा कधी, तेही आजच ठरवून ठेवा. तो चालायचा थांबला, किंवा पाय हलवायचा थांबला, किंवा बारा तास लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी दाखवा. औषध आणि कडक विश्रांती असूनही दुखणं आठवड्यात उतरत नसेल, तर पैशांची जुळवाजुळव करून एमआरआयचा पुन्हा विचार करावा. ऑपरेशन शक्यच नसलेल्या आणि न उठलेल्या कुत्र्यांसाठी चाकाची गाडी असते. लघवी काढायला शिकलेलं घर असेल तर गाडीवरचा कुत्रा आनंदात जगतो, माझ्याकडे असे तीन आहेत. एकाच प्रकारात मी घरच्यांना कुत्र्याला इंजेक्शनने शांतपणे जाऊ द्यायला सांगते. संवेदना गेलेल्या साधारण दहातल्या एका कुत्र्यात पुढच्या काही दिवसांत मज्जारज्जू वितळत वर सरकतो. आधी पोट ढिलं पडतं, मग पुढचे पाय, मग श्वास. त्यावर काहीही उपाय नाही, आणि त्या यातना लांबवू नयेत.

सहा आठवडे नीट गेले तर सातव्यापासून पट्ट्यावर पाच मिनिटं, दर आठवड्याला पाच वाढवत न्या. वर सांगितलेल्या २२३ कुत्र्यांत जवळपास एकतृतीयांश कुत्र्यांना हा त्रास पुन्हा झाला, म्हणून पुढचं आयुष्य थोडं बदलावं लागेल. दिवाणाला उतार लावा किंवा दिवाणच बंद. अकरा किलो मला जास्त वाटतं. वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी आणि बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात. पोळीचे तुकडे, बिस्किटं, दुधाची वाटी आजपासून बंद, नाहीतर पिंजऱ्यात बसून वजन आणखी वाढेल. बंड्यापासून पिल्लं घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्कमध्ये पैदाशीआधी डॅशहाउंडच्या पाठीचे एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात, इतका हा वारसा पक्का आहे.

इंजेक्शनचं नाव कळलं आणि बंड्याचा चालतानाचा आजचा व्हिडिओ निघाला, की दोन्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवून उद्यापासूनच्या गोळ्या ठरवून घ्या. कॅलेंडरवर आजची तारीख पहिला दिवस म्हणून लिहा. ते पळालेले दोन दिवस धरू नका.